उशीर केलास

ताई डोळे तपासायची. चष्म्याच्या दुकानामागच्या काळोख्या खोलीत तिची अठरा वर्षं गेली होती. समोरच्या माणसाला एकामागून एक भिंगं लावायची, "आता बरं दिसतं की मघाशी?" एवढंच विचारायचं आणि जे उत्तर येईल ते कागदावर उतरवायचं. या कामानं तिला एक सवय लावली होती. माणसाला काय वाटतं ते बाजूला ठेवायचं, त्याला काय दिसतं तेवढंच धरायचं.

बेटावर जायचं तिनंच ठरवलं. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात दोघी बहिणी धड चार वाक्यं बोलल्या नव्हत्या. आईची शेवटची दोन वर्षं अंथरुणात गेली. अंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळं ताईनं केलं. धाकटी महिन्यातून एकदा यायची. ती येणार असली की आई सकाळपासून उशीला टेकून दाराकडे बघत बसायची, आणि ती आली की तिचा हात हातात घेऊन म्हणायची, "उशीर केलास गं." ताई तेव्हा मोरीत आईचं भांडं धूत असायची.

धाकटी शाळेत गाणं शिकवायची. तिला एकदा भेटलेला माणूस दहा वर्षांनी भर गर्दीत हाक मारायचा. ताईला तिची नेहमीची गिऱ्हाइकंसुद्धा दुकानाबाहेर ओळखत नसत. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

बोट एक दिवसाआड होती. त्या उतरल्या त्या लॉजच्या मालकिणीनं वरची खोली दिली, दोन खाटा, समुद्राकडे एक खिडकी. धक्क्याजवळच्या किनाऱ्यावर छत्र्या, खुर्च्या, भोंगे, माणसंच माणसं. ताईला शांत जागा हव्या होत्या. मालकिणीनं एका कागदावर टेकडीपलीकडचे तीन छोटे किनारे काढून दिले. "तिकडे कुणी जात नाही," ती म्हणाली. तिनं कागद दिला तो धाकटीच्या हातात, विचारलं होतं ताईनं तरी.

पहिल्या दिवशी त्या भाड्याच्या स्कूटरवरून निघाल्या. ताई चालवत होती, धाकटी मागे बसून गुणगुणत होती. पहिला किनारा म्हणजे नारळांच्या सावलीत पडलेली पांढरी पट्टी. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. एक म्हातारा होडी उपडी करून तिच्या तळाला डांबर लावत होता. त्यानं मान वर केली, धाकटीकडे पाहिलं, चिंध्यांनी हात पुसले.

"आलीस? उशीर केलास."

धाकटी हसली. "मी पहिल्यांदाच येतेय, काका."

"असू दे," तो म्हणाला. त्यानं एक फळी उचलून सावलीत ठेवली आणि तळहातानं तिच्यावरची वाळू झाडली. फळी एकाच माणसाला बसण्यापुरती होती. ताई उन्हात उभी राहिली. तासाभरानं निघताना त्यानं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. ताईकडे तो जणू काचेतून बघावं तसा आरपार बघत होता.

"इथेही तुझे चाहते आहेत," स्कूटर सुरू करताना ताई म्हणाली.

"म्हाताऱ्याचा घोटाळा झाला असेल गं."

ताईलाही तसंच वाटलं. कमी दिसणारी माणसं चेहऱ्यांची गल्लत करतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी दुसरा किनारा. इथे वाळू काळपट होती आणि झुडपांवर चादरी वाळत घातलेल्या होत्या. चादरी टाकणारी बाई जेमतेम पस्तिशीची, डोळे स्वच्छ. तिनं हातातली बादली खाली ठेवली.

"आलीस का. किती उशीर केलास." मग तिनं पुढे होऊन धाकटीचे केस डाव्या कानामागे सारले, सहज, घरच्यासारखं. "खूण राहिलीच म्हणायची."

धाकटी मागे सरकली. कानामागे तिला बोटाच्या पेराएवढी जुनी जखमेची खूण होती. केसांखाली असायची, कुणाला दिसायची नाही. "लहानपणी झोक्यावरून पडले होते," ती म्हणाली.

"पडली नव्हतीस," बाई म्हणाली. "ढकललं होतं."

ती पुन्हा चादरींकडे वळली. त्या वेळी ताई नऊ वर्षांची होती, धाकटी चार. मागच्या अंगणात दोघींखेरीज कुणी नव्हतं. एवढ्या वर्षांत ताईनं हे ना आईला सांगितलं होतं ना कुणा मैत्रिणीला.

परतीच्या वाटेवर धाकटीनं मागून विचारलं, "ताई, खरं का गं ते?"

"काहीतरीच. त्या बाईचं डोकं ठिकाणावर नसेल."

ताईला वाटलं होतं की आपण घाबरू. पण त्या रात्री जेवताना तिच्या ध्यानात आलं की भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी तिला आतून कुरतडतंय. या लोकांना धाकटीचं एवढं सगळं ठाऊक. तीस वर्षांपूर्वीची खूणसुद्धा ठाऊक. मग आईची कूस दोन वर्षं कुणी बदलली, ते यांच्यापैकी एकालाही ठाऊक नसावं?

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी अंथरुणातून उठली नाही. "डोकं दुखतंय. आणि खरं सांगू, मला त्या लोकांची भीती वाटते. उद्याच्या बोटीनं जाऊ या."

"जाऊ," ताई म्हणाली. "तू पड. मी तो तिसरा किनारा नुसता बघून येते."

"कशाला पण?"

"कागदावर आहे म्हणून."

खरं कारण तिनं स्वतःलाही धडपणे सांगितलं नाही. तिथे धाकटीची वाट बघत कुणीतरी बसलेलं असणार, आणि आज त्याच्यापुढे आपण जाऊन उभं राहायचं, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

रस्ता संपला तिथे तिनं स्कूटर लावली. पुढे केवड्याच्या बनातून पायवाट होती. किनारा अगदीच लहान निघाला, दोन खोल्या मावतील एवढा. लाटा वाळूवर येत होत्या, परत जात होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता. तिनं कानात बोट घालून पाहिलं. स्वतःच्या चपलांचा आवाज व्यवस्थित येत होता.

वाळू संपते तिथे एक बसकं घर होतं, दार उघडं. पायरीवर एक म्हातारी बसली होती. ताईनं सवयीनं आधी तिचे डोळे पाहिले. दोन्हींत पिकलेला मोतीबिंदू, बाहुल्या दुधाळ. अशा डोळ्यांना उजेड कळतो, माणूस नाही.

"कोण?" म्हातारीनं विचारलं.

मागच्या दोन दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ताईनं उत्तर तयार ठेवलं होतं, लॉजवर उतरलेय, फिरायला आलेय. तोंड उघडलं तेव्हा निराळंच बाहेर पडलं.

"मी. आले मी." आणि तिनं धाकटीचं नाव सांगितलं.

म्हातारीचा चेहरा उजळला. सुरकुत्या हलल्या, हात पुढे आले. "उशीर केलास," ती म्हणाली.

हे दोन शब्द ताईला आयुष्यात कुणी म्हटले नव्हते. म्हणणार तरी कसे? तिला कधी कुठे उशीर झालाच नव्हता.

म्हातारीनं तिला आत नेलं. एकच खोली, झाडून लख्ख. एक खाट, तिच्यावर स्वच्छ चादर. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि एकच पेला. आतल्या दाराच्या चौकटीवर आडव्या रेघा कोरलेल्या होत्या, गुडघ्याच्या उंचीपासून वर वर चढत गेलेल्या, घरात पोराची उंची मोजतात तशा.

"उभी राहा बघू," म्हातारी म्हणाली.

ताई चौकटीला पाठ लावून उभी राहिली. धाकटीपेक्षा ती चांगली दोन बोटं उंच होती. आता उघडं पडणार, असं तिला वाटलं. म्हातारीनं तिच्या डोक्यावर तळवा आडवा धरला आणि तो तसाच चौकटीपर्यंत सरकवला.

"बरोबर," ती म्हणाली.

ताईनं वळून पाहिलं. म्हातारीची बोटं सगळ्यात वरच्या रेघेवर टेकली होती. केसभरही इकडे तिकडे नव्हती.

"बरोबर कुणी आहे का?"

"नाही," ताई म्हणाली. "मी एकटीच."

"बहीण होती ना एक?"

बाहेर पाणी वर आलं आणि आवाज न करता मागे गेलं.

"नाही," ताई म्हणाली. "मला कुणी बहीण नाही."

म्हातारीनं मान हलवली. मग हात पुढे करून ताईचे केस डाव्या कानामागे सारले आणि तिथे अंगठा फिरवला, हळूच, दुखेल म्हणून.

ताईनं तिचा हात झटकला. स्वतःचं बोट कानामागे लावलं.

पेराएवढी, टणक, जुनी.

ती पळाली नाही. पळावंसं वाटलं नाही, हेच तिला नंतर आठवत राहिलं. ती पेल्यातलं पाणी प्यायली, म्हातारीच्या पाया पडली आणि ऊन कलायच्या आत लॉजवर आली. मालकीण जिन्यापाशी केर काढत होती. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली. "आलीस? दमलीस ना? बस, मी पाणी आणते." इतके दिवस ती ताईशी 'तुम्ही'शिवाय बोलली नव्हती. ताई पायरीवर बसली आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

वर धाकटी खाटेवर बसून बोटीचं वेळापत्रक वाचत होती. दोघींचे कपडे घडी घालून दोन बॅगांत भरले होते, चारी कोपरे जुळवून, ताई घालायची तशी घडी. आणि तिच्या नाकावर ताईचा वाचायचा चष्मा होता.

"तुला कधीपासून लागला?" ताईनं विचारलं.

"मला? पाच वर्षं झाली की." धाकटीनं कागद पुढे केला. "हे बघ, बोट दहाला आहे."

अक्षरं मुंगीएवढी होती. चष्म्याशिवाय ताईला ती एकूणएक वाचता आली. कामावर रोज शंभरदा विचारलेला प्रश्न तिच्या ओठांवर आला. आता बरं दिसतं की मघाशी? तिनं तो गिळला. काहीतरी गुणगुणत ती खिडकीपाशी गेली. ती कधीच गुणगुणत नसे.

सकाळी धक्क्यावर त्या दोघी गेल्या तेव्हा होडीवाला म्हातारा तिथे होता. चादरींची बाई होती. आंधळी म्हातारी मालकिणीच्या हाताला धरून उभी होती. सगळे ताईभोवती जमले. कुणी तिचा खांदा चोळला, कुणी पदर सारखा केला. धाकटी बाजूला आपली बॅग सांभाळत उभी होती, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ताईनं तिच्याकडे पाहिलं. क्षणभर, फक्त क्षणभर, तिच्या जिवाला गार वाटलं.

मग धाकटी फळीवरून बोटीत चढली.

ताईनं पाऊल उचललं. कोपरावर एक हात होता. जोर असा काही नव्हता त्याला. "ऊन वाढतंय," चादरींची बाई म्हणाली. "चल, घरी जाऊ."

फळी ओढली गेली.

"थांबा," ताई म्हणाली. "मला जायचंय. ती माझी बहीण आहे."

"तुला बहीण नाही," म्हातारी मायेनं म्हणाली.

बोट सुटली. धाकटी कठड्याशी बसली, शेजारच्या रिकाम्या जागेवर तिनं बॅग ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला. धक्का आणि बोट यांच्यामध्ये आता हातभर पाणी होतं, मग पुरुषभर.

ताईनं छाती भरून श्वास घेतला आणि बहिणीला नावानं हाक मारली.

तोंडातून बाहेर पडलं ते तिचं स्वतःचं नाव.

बोटीवरच्या बाईनं चटकन मान वर केली, आपल्याला कुणी हाक मारली की करतो तशी. तिनं चष्मा लावला, धक्क्यावरच्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली, आणि ओळखीचं कुणी दिसलं नाही म्हणून पुन्हा समुद्राकडे तोंड करून बसली.