सवयीचा हात

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. पण बाबा गेले ती दुपार आईने आणि मी उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. लख्ख उजेडात, आमच्याच स्वयंपाकघरात.

बाबा प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचे. अचानक ताण आला की रक्तातलं हार्मोन किती उसळतं, याचा तिथे अभ्यास चाले. अर्धे उंदीर अरुंद नळीत कोंबायचे, अर्धे शांत ठेवायचे.

शांत ठेवणंच अवघड. माणसाचा हात लागला तरी ते घाबरत, आणि घाबरले की रक्त बिघडलं. म्हणून बाबा त्यांना रोज हातात घेत. मानेवरून अंगठा फिरवत. आधी उंदीर चावत. एकाने तर बाबांच्या अंगठ्याचं टोकच तोडलं होतं. मग ते नुसते थरथरत. मग कधीतरी अंगठ्याखाली आपणहून मान झुकवत...

त्या दिवशी बाबा रक्तासाठी ती मान पात्याखाली धरत.

"मान तुटली तरी याला पत्ता नाही," प्रयोगशाळेच्या मॅडम रक्तातल्या हार्मोनचा आकडा बघून म्हणत. "काय हात आहे हो तुमचा."

"घरी कोणी म्हणत नाही असं," बाबा हसत.

निवृत्त झाल्यावर एका सकाळी ते दाढी करत होते.

मानेवर काहीतरी फिरलं...

मागे कोणीच नव्हतं.

त्यांनी कोपर मागे हाणलं. खिडकीची काच फुटली, दंड चिरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी त्यांनी सुरी उचलली आणि मानेमागे भोसकली. ती त्यांच्याच मानेत रुतली. आईने हात पिरगळून सुरी सोडवली. पाठ रक्ताने भिजली होती.

"मला कोणीतरी सवय लावतंय गं," ते आईला म्हणाले. "मी शांत झालो की संपलं. मला शांत होऊ देऊ नका."

मग आम्ही त्यांना घाबरवत राहिलो. कानाशी ताटं आपटली. झोपेत गार पाणी ओतलं. त्यांनीच सांगितलं म्हणून मी त्यांच्या थोबाडीत मारल्या. गाल काळेनिळे झाले.

"हात जड आहे तुझा. आईवर गेलीस," ते म्हणाले.

त्या दुपारी ते टेबलाशी बसले होते. डोळे अर्धवट मिटलेले.

"बरं वाटतंय," ते म्हणाले.

मान हळूच पुढे झुकली...

"अगं, मार त्यांना," आई म्हणाली.

मी सगळा जोर लावून मारलं. ओठ फाटला. ते दचकलेसुद्धा नाहीत.

कडकन आवाज झाला.

बाबांचं डोकं खांद्यावर असं लोंबलं, जसं जिवंत माणसाचं लोंबूच शकत नाही. टेबलावर रक्त पसरत गेलं.

"झोपेत होते का?" शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं. "चेहऱ्यावर भीती कशी नाही?"

गेल्या आठवड्यापासून तो हात माझ्या मानेवर येतो. मी किंचाळते. आई धावत येऊन मला मारते, रडते, पुन्हा मारते.

पण काल तो हात आला तेव्हा मला नीट जाणवलं...

त्या अंगठ्याला टोक नाही.

मी काल किंचाळले नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.