नकुशीच्या बेटावरची हाक

विश्वजीतच्या जीपमध्ये त्या दिवशी तीन माणसं होती आणि तिघांना मिळून एकच गोष्ट हवी होती. भुताचा आवाज! भास नको, ऐकीव गोष्ट नको. यंत्रात पकडलेला, कुणालाही पुन्हा पुन्हा ऐकवता येईल असा खणखणीत आवाज. त्यापायी त्यांनी पडक्या गढ्या पालथ्या घातल्या होत्या, ओसाड धर्मशाळांत मुक्काम ठोकले होते. हाती काय लागलं? वटवाघळं, डास आणि एकदा दारू पिऊन पडलेला एक इसम.

विश्वजीत दौंडचा, पथकाचा म्होरक्या. स्वतःला तो 'संशोधक' म्हणवून घ्यायचा. कॅमेरा भारतकडे, हा गडी अंगाने थोराड, काळजाने जेमतेम. आणि आवाजाची सगळी यंत्रं सांभाळायची करिश्मा. ती भांडगावच्या शेतकऱ्याची मुलगी, शिक्रापूरच्या एका कारखान्यात कामाला, तिथेच खोली घेऊन राहणारी. सुट्टी मिळाली की हे तिघं भुतांच्या मागे लागायचे. भुतांनी त्यांचं काय वाईट केलं होतं कोण जाणे!

या खेपेला पाळी होती नकुशीची.

मांडवगण फराट्याच्या पुढे भीमा ऐसपैस होते आणि पात्राच्या मधोमध एक लांबट बेट लागतं. वेड्या बाभळींनी गच्च भरलेलं. शिरूरच्या बाजूला, काठावर, हौसराव आप्पांची वस्ती आहे. दारापुढे बंद पडलेलं गुऱ्हाळ, त्यात गूळ कढवायची भली मोठी लोखंडी काहील. सकाळी तिघं तिथे पोचले, तेव्हा आप्पांच्या पत्नी सोजराबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. भारतने कॅमेरा लावला, करिश्माने त्यांच्या पदराला माईक अडकवला.

"पलेगाचं साल व्हतं," सोजराबाई सांगू लागल्या. "नकुशी म्हंजी आमच्याच वस्तीतली नवी सून. काखंत गाठ आली. तवा लोकांनी तिला बेटावर खोपट घालून दिलं, दाणापाणी ठिवलं आन् म्हनले, बरी झालीस की हाक मार, न्यायला येतू. पोरगी बरी झाली बगा! काठाला येऊन हाका मारायली, 'बरी झाले हो, मला न्या!' पर कुणाला पटंना. रोग कपटी, म्हनले. तेवढ्यात नदी चढली. हाका दिवसभर आल्या, मंग थांबल्या."

"आणि अजून येतात?" विश्वजीतने डोळे बारीक करून विचारलं.

"येत्यात की. म्हनून तर वस्तीचा नेम हाय. नदीकडनं हाक आली की 'आलो' म्हनायचं आन् जायाचं. बायांनी कोरडं लुगडं घिऊन काठाला उभं ऱ्हायचं."

"पण आजी, हाक भुताची असली तर?"

"आसंल. कवा गुराखी सापडतो, कवा म्हस सापडती, लई येळा कुनीच सापडत न्हाई. लुगडं परत पेटीत जातं. पर हाक खरी का खोटी, ते काठाला उभं राहून ठरवायचं न्हाई. येकदा ठरवलं व्हतं नव्हं?"

करिश्माने मान खाली घालून यंत्रावरचा काटा पाहिला. विश्वजीत मात्र तिच्या कानाशी लागून म्हणाला, "बाईट काय जबरदस्त आलाय!"

तेवढ्यात हौसराव आप्पा मळ्यातून आले. सत्तरी उलटलेला, ताठ, कमी बोलणारा माणूस. आम्हाला बेटावर सोडता का, असं विचारताच त्यांनी हात आडवा केला.

"वरल्या धरणांतनं पानी सोडलंय. सांच्यापतुर हितं येनार. आज बेटावर कुनी जायाचं न्हाई."

"नाही जात, आप्पा. शब्द!" विश्वजीत म्हणाला. वर आप्पांच्या पायाही पडला.

आणि जीप वळणाआड जाताच त्याने पुलाचा रस्ता धरला! पूल ओलांडून दौंडच्या बाजूने ते पुन्हा नदीवर आले. इकडून बेटापर्यंतचं पात्र उथळ होतं, गुडघ्याएवढं पाणी. वस्तीवरून इकडचं काही दिसण्यासारखं नव्हतं. दिलेला शब्द एका वळणापुरताच टिकला. भारतने तेवढं "आप्पांना कळलं तर?" म्हणून पाहिलं. विश्वजीत हसला. मग बाकीचे दोघंही हसले.

वरून सोपं दिसणारं पात्र आत शिरल्यावर आपले गुण दाखवू लागलं. तळाला गाळ! पाय रुतला की चप्पल आतच राहायची. डोक्यावर पेट्या, कमरेला दोर, आणि पुढे बाभळींचं कुंपण. काट्यांनी शर्ट फाडले, हात सोलले. ओल्या मातीत पावलांचे ठसे दिसले तसा भारत जागच्या जागी गोठला.

"बिबट्या!"

"कुत्रं आहे, गाढवा. नखं उमटलीत बघ," करिश्मा म्हणाली. ऊसपट्ट्यात वाढलेल्या मुलीला एवढं कळायचंच.

बेटाचं शिरूरकडचं टोक गाठलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समोर भीमेचा मुख्य प्रवाह, त्यापलीकडे वस्तीची झाडं. करिश्माने एका बाभळीच्या खोडाला उंचावर स्पीकर बांधला. विश्वजीतच्या पद्धतीत याला फार महत्त्व होतं. भूत ज्या आवाजाशी जखडलेलं असतं तोच त्याला ऐकवायचा म्हणजे ते उत्तर देतं, असा त्याचा सिद्धांत. आवाज करिश्मानेच आधी, नकुशीच्या ऐकीव गोष्टीवरून तयार केला होता. घरमालकाला ऐकू जाऊ नये म्हणून खोलीत गोधडी पांघरून, जीव तोडून ती ओरडली होती: 'बरी झाले हो! मला न्या!' तेव्हा मजा वाटली होती. आता सोजराबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आल्यावर तिने बटणावरचं बोट मागे घेतलं.

"विश्वा, हे नको वाजवायला."

"अगं, प्रयोग आहे हा! दिवसाढवळ्या आवाज पकडला तर कोण खोटं म्हणेल?"

तिने बटण दाबलं. थोड्या थोड्या वेळाने हाक आपोआप वाजत राहील अशी सोय केली आणि तिघं बाभळींत मागे, यंत्राजवळ जाऊन दबा धरून बसले.

"बरी झाले हो! मला न्या!"

हाक पाण्यावरून गेली. करिश्माने हेडफोन कानांवर दाबून धरले. आधी नुसता वारा. मग एकदम तिच्या अंगावर काटा उभा राहिला!

लांबून, अगदी पुसट, पण स्पष्ट आवाज आला: "आलो... आलो..."

"उत्तर!" विश्वजीत किंचाळला. "उत्तर आलं!"

पुन्हा हाक. पुन्हा तेच: "आलो... आलो!" तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. भारत तर रडायलाच लागला. इतक्या वर्षांची पायपीट फळाला आली होती! शंभर वर्षांपूर्वीची माणसं बोलत होती, यंत्रात बोलत होती!

करिश्माच पहिली थांबली. हेडफोन काढल्यावरही आवाज येतच होता. ती उठून टोकाकडे धावली. प्रवाहात एक काळा ठिपका गोल गोल फिरत येत होता. त्यात एक माणूस उभा होता, हातात लांब बांबू.

गुळाची काहील! काहिलीत हौसराव आप्पा!

सकाळी नेम ऐकला होता, माईक लावून ऐकला होता, पण तो जिवंत माणसं पाळतात हे तिघांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. करिश्माचा चेहरा भाजल्यासारखा झाला. आणि तेवढ्यात मागून भारतची आरोळी आली.

"पाणी चढलंय!"

दौंडच्या बाजूचं उथळ पात्र आता उथळ राहिलं नव्हतं. गढूळ लोंढा फेस काढत धावत होता. विश्वजीतने कॅमेऱ्याची तिपाई टेकवत पाऊल घातलं मात्र, पाण्याने ती हिसकली! तो आडवा झाला. भारतने कमरेचा दोर ओढून त्याला कसाबसा बाहेर काढला. परतीची वाट बंद झाली होती. आता येणारी काहील हाच एक आधार होता.

आप्पांनी काहील टोकापासून जरा अलीकडे, बेटाच्या काठाला लावली. धोतर चिंब, दम लागलेला. समोर हे तिघं पाहून ते क्षणभर चकित झाले. सकाळचा शब्द त्यांना आठवला असणार, पण तोंडातून एकच प्रश्न निघाला.

"बाई कुठंय?"

विश्वजीत म्हणाला, "बाई? कसली बाई? भास झाला असेल, आप्पा. चला लवकर, पाणी वाढतंय."

"बरी झाले हो! मला न्या!" टोकाकडच्या बाभळींतून हाक आली.

"ह्यो भास?" आप्पांनी बांबू भारतच्या हातात कोंबला. "काहील धरून ठिवा. आलोच." आणि ते झाडीत शिरले.

करिश्मा त्यांच्यामागे पळाली. टोक सखल होतं, तिथे पाणी आधी शिरलं होतं. आप्पा मांड्यांएवढ्या पाण्यात काटे बाजूला सारत निघाले होते. "आलो गं बाई! भिऊ नगं!"

"आप्पा, थांबा! तो स्पीकर आहे! आम्हीच लावलाय!"

ते वळले. "पोरी, म्या मोबाइल वापरतो. स्पीकर मलाबी ठावं हाय. पर आता ह्या गड्यानं भास म्हनला, तू स्पीकर म्हनतीस. कुणाचं खरं धरू? आन् बाई आसली तर?"

सकाळपासून तिघं आप्पांशी खोटंच बोलत आले होते. आता खरं बोललं तरी ते कुठल्या तोंडाने पटवायचं? पाण्याचा एक लोट आला, आप्पा डगमगले, बाभळीला धरून पुन्हा पुढे निघाले. आणखी थोडं गेले असते तर प्रवाहात सापडले असते.

करिश्माने धडपडत पुढे जाऊन त्यांची वाट अडवली. आता त्यांच्यासमोर तोंड उघडायचं, या कल्पनेनेच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने डोळे मिटले आणि ओरडली. तोच गळा, तोच हेल.

"बरी झाले हो! मला न्या!"

आप्पा थबकले. मान किंचित वाकडी करून ऐकत राहिले.

"ती बाई मीच आहे, आप्पा," ती म्हणाली. "दुसरी कुणी नाही. आईशप्पथ नाही." तिला रडू फुटलं.

आता ते मारतील, निदान शिव्या तरी घालतील, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आप्पांनी तिचं मनगट धरलं.

"मंग चल की. न्यायलाच आलोय."

काहिलीत चौघं म्हणजे काठ पाण्याला लागलेला. यंत्रं ठेवायला जागाच नव्हती. विश्वजीतने आवाजाची पेटी छातीशी धरली होती. त्या पेटीत आयुष्यातलं पहिलं 'उत्तर' होतं. आप्पांनी पेटीकडे नुसतं पाहिलं. विश्वजीतची नजर खाली गेली. त्याने पेटी काठावर ठेवून दिली.

सुटले! प्रवाहाने काहील भोवऱ्यासारखी फिरवली. आकाश, झाडं, पाणी, पुन्हा आकाश! "मदी बसा! हलू नगा!" आप्पा ओरडले. एक ओंडका अंगावर आला. बांबू रोवला, काहील कलली, पाणी आत आलं! भारत आणि विश्वजीत ओंजळीने पाणी उपसू लागले. करिश्माने बांबूला आपलाही हात लावला. रेटा! आणखी रेटा! हातांना फोड आले. एका गिरकीसरशी काहील मुख्य धारेतून निसटली आणि बरीच खाली वाहत जाऊन एकदाची उसाच्या बांधाला धडकली.

काठाकाठाने धावत सगळी वस्ती तिथे जमली होती. पुढे सोजराबाई, हातात घडी घातलेलं हिरवं लुगडं.

"घावली का बाई?"

"घावली," आप्पा म्हणाले आणि बांधावर मटकन बसले.

सोजराबाईंचा चेहरा असा उजळला की करिश्माला तो पाहवेना. पेटीतलं ते लुगडं त्यांनी आपल्या हाताने तिच्या खांद्यांभोवती गुंडाळलं. तिला ते ओरबाडून काढावंसं वाटलं. तेवढ्यात बेटाकडून हाक आली.

"बरी झाले हो! मला न्या!"

सगळ्या माना वळल्या. "अजून येक हाय!" आप्पांचा पुतण्या हनुमंत ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन पाण्याकडे धावला.

"जाऊ नका!" करिश्मा मोठ्याने ओरडली. "तिथे कुणी नाही! तो माझाच आवाज आहे. भूत बोलावं म्हणून आम्ही यंत्र लावलंय. चुकलं आमचं!"

हनुमंत थांबला. लोक तिच्याकडे, मग विश्वजीत-भारतकडे पाहू लागले. विश्वजीतला त्या वेळी नदीत परत उडी घ्यावीशी वाटली असेल. कुणी चिडून बोललं नाही. सोजराबाईंचा हात अजून तिच्या खांद्यावरच होता. "काढू का हे लुगडं?" करिश्माने हळूच विचारलं.

"ऱ्हाऊ दे. भिजलीस ती भिजलीसच नव्हं?"

पाणी अजून बाभळीवरच्या स्पीकरपर्यंत पोचलं नव्हतं. हाक पुन्हा आली. यंत्राची हाक आहे हे आता पोराटोरांनाही माहीत होतं. तरी सोजराबाईंनी नदीकडे तोंड केलं आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "आलो गं." मागून आणखी दोन-चार जणांनी म्हटलं. पुढच्या हाकेलाही म्हटलं.

गोधडीत तोंड खुपसून काढलेला आपला आवाज लाटांवरून येताना करिश्मा ऐकत होती. आता तो खरा वाटत होता. बाकीचे चहाला वळले तरी ती जागची हलली नाही. अंधारू लागलं तेव्हा एक शेवटची हाक आली, अर्धवट, पाण्यात बुडबुडत.

काठावर तेव्हा ती एकटीच होती. लुगड्याचा पदर घट्ट धरून तिने ओ दिली.

"आले!"