लाल फुलीचा झेंडा

विक्की, तू माणवरून रात्रीचा गाडी चालवत येतोस म्हणून सांगतो. शेखर आकुर्डीच्या कंपनीत अठरा वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर होता. थापा मारणारा माणूस नव्हे.

मागच्या वर्षीची चौदा डिसेंबर. रविवार. आमच्या काळेवाडीच्या सोसायटीत मंगळवारी विजय दिवस करायचा होता. माणचे मालोजीबाबा एकाहत्तरच्या लढाईतले. त्यांची पदकं मांडायला आणावीत म्हणून शेखर जेवून गाडी घेऊन गेला. बाबांनी पदकं लगेच काढून दिली. पेटीच्या तळाशी एक झेंडा होता, पांढऱ्या कापडावर लाल फुली. शत्रूच्या दवाखान्याच्या तंबूवरचा, लढाईची आठवण म्हणून आणलेला. शेखरने तोही मागितला.

बाबा म्हणाले, "त्यो ऱ्हाऊ दे. त्यो काय लढून मिळवल्याला न्हाई."

पण ते पाणी आणायला आत वळले आणि याने झेंडा पिशवीत घातला. दोन दिवसांनी आणून देणारच होता.

नऊ चाळीसला निघाला. पिशवी शेजारच्या सीटवर. हिंजवडीच्या अलीकडे, कंपनीच्या लांबलचक भिंतीपाशी, मागच्या सीटवरून आवाज आला. अगदी हळू.

"झंडा रहने दो, साहब. अंदर जख्मी हैं."

शेखरने आरशात पाहिलं. कोणी नव्हतं. पिशवी मात्र मागे ओढली जात होती. त्याने डाव्या हाताने ती धरली. का धरली, ते त्यालाही सांगता येत नाही. सुटेचना...

मग घाव बसला. बोटांवर. लोखंडासारखा. हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. दुसरा घाव. तिसरा. रक्त काचेवर उडालं. तरी मूठ उघडेना. चौथा...

गाडी दुभाजकावर चढली.

शिफ्टच्या बसवाल्याने पाहिलं. दारं आतून लॉक होती, काच फोडावी लागली. शेखर बेशुद्ध. पिशवीत पदकं तेवढी, झेंडा नाही.

पहाटे शेखर शुद्धीवर आला आणि घडलं ते मला बोलला. सकाळी मी माणला गेलो. मालोजीबाबांना सगळं सांगितलं.

"त्या तंबूतला कंपाउंडर हुता," बाबा म्हणाले. "झेंड्याचं टोक धरून बसला. आत जखमी हायती म्हनला. मी बंदुकीच्या दस्त्यानं त्याची बोटं ठेचली, तवा सुटला. घटकाभरानं आमचाच गोळा आला. झेंडा असता तर तोफवाल्यांनी त्यो तंबू सोडला असता."

"किती होते आत?"

बाबांनी उठून पेटीचं झाकण लावलं.

मी त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. काच फोडली तेव्हा शेखरच्या हाताला पट्टी होती. जाड खाकी कापडाची, दोन चपट्या लाकडी पट्ट्या लावून नीट आवळलेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ही कोणी बांधली? सरावाचा हात आहे. म्हणून बोटं वाचली."

गाडीत तो एकटाच होता.