कातळचे एकसष्ट दिवे

शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला खैरनारसाहेबांनी ग्लास उंच धरला, हलकेच फिरवला, त्यात नाक घातलं, डोळे मिटले आणि एक घोट घेऊन ‘वा’ म्हणाले. ग्लास खाली ठेवताना त्यांनी रुमालाचं टोक सराईतपणे तबकडीवर ओढून घेतलं, शेजारच्या टेबलाला काही दिसू नये म्हणून. शेजारच्या टेबलाने अर्थातच सगळं पाहिलं. तबकडी काळीठिक्कर होती.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या खैरनारांना वाइनमधलं फार कळतं, अशी गंगापूर रोडवर बारा वर्षांची ख्याती होती. ती रुचिदीपाने चार महिन्यांत पुसून टाकली.

रुचिदीप म्हणजे ग्लासखाली ठेवायची बशीएवढी काचेची तबकडी. ग्लासच्या दांड्यावर डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा चढवलेला असे. तो बोटांची ऊब, घाम आणि नाडी टिपायचा, आणि तबकडी घोटानंतरचा श्वास ऐकायची. पिणाऱ्याला मनापासून आवडलं तर तबकडीत सोनेरी उजेड पसरायचा. नाही आवडलं तर अंधार. तोंडाने काय म्हटलं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. यंत्र फ्रान्समधलं, इकडे आणलं होतं पुण्याच्या एका कंपनीने, आणि नाशिकमध्ये ते पहिल्यांदा बसलं हर्षदा पिंगळेच्या ‘बिस्त्रो गोदाकाठ’मध्ये.

जागा लहानशी, फ्रेंच खाणावळीच्या धाटणीची. फळ्यावर खडूने लिहिलेले सहा पदार्थ, जस्ताच्या पत्र्याचा काउंटर, चौकडीचे रुमाल, चव्वेचाळीस खुर्च्या. हर्षदा दोन वर्षं फ्रान्समधल्या लिआँला स्वयंपाक शिकून आली होती आणि लासलगावच्या कांद्याचं सूप असं करायची की लासलगावचे लोकही ओळखायचे नाहीत. रुचिदीप आल्यावर गिऱ्हाइकांची जातकुळी उघडी पडली. वर्षानुवर्षं उंची लाल वाइन मागवणारे एक डॉक्टर गुपचूप गोड गुलाबी वाइनवर आले. एका बाईंचा दिवा फक्त नवरा बोलायचा थांबला की लागायचा. लोक हसले, लाजले आणि मग सरावले. गेल्या महिन्यात तर द्राक्षमंडळीनेही, म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या बागांची द्राक्षं घेऊन वाइन गाळणाऱ्या सहकारी संस्थेनेही, ठराव केला की शंभर ग्लासांमागे वीस दिवे ज्या वाइनचे लागणार नाहीत, ती वाइन बंद. त्या जातीची खोडं ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीच्या वेळी गुडघ्याच्या उंचीवर कापायची आणि वर गोड जातीचं कलम बांधायचं.

इंदुमती बोरस्ते त्या संध्याकाळी बिस्त्रोत आल्या त्या याच ठरावामुळे.

अठ्ठावन्न वर्षांच्या इंदुताईंची दिंडोरीजवळ आठ एकर काळी द्राक्षं होती. मुरमाड, खडकाळ उतारावरची ती वेल त्यांनी चौदा वर्षांपूर्वी स्वतः लावली होती, तेव्हा गावातल्या बायका त्यांना दगडाला पाणी घालणारी म्हणायच्या. त्या द्राक्षांच्या वाइनचं नावच त्यांनी ‘कातळ’ ठेवलं. चार महिन्यांत कातळचे आठशे बारा ग्लास दिले गेले आणि दिवे लागले एकसष्ट. करवतवाले सोमवारी सकाळी बागेत येणार होते.

“काकू, मला वाईट वाटतं,” रुचिदीप आणणाऱ्या कंपनीचा सौमित्र बापट म्हणाला. तिशीतला, नीटनेटका, बोलताना समोरच्यापेक्षा हातातल्या टॅबच्या पडद्याकडे जास्त बघणारा. “पण यात माझं मत कुठेच नाही. लोकांनीच ठरवलंय.”

इंदुताईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांना फक्त एकदा ते टेबल बघायचं होतं, जिथे बसून साडेसातशे माणसांनी त्यांची वाइन नाकारली. हर्षदाने त्यांना खिडकीजवळ बसवलं. सुदाम, म्हणजे पंचावन्नचा, सावकाश चालणारा आणि गिऱ्हाइकाचं नाव कधी न विसरणारा वाढपी, कातळचा ग्लास आणि मसाला शेंगदाण्यांची वाटी घेऊन आला.

इंदुताईंनी चार शेंगदाणे तोंडात टाकले आणि घोट घेतला. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. ग्लास खाली ठेवला.

तबकडी अंधारी राहिली.

आजूबाजूच्या टेबलांनी माना वळवल्या. एखाद्या वाइनने आपल्याच मालकिणीचा दिवा लावला नाही, हे बिस्त्रोने तोवर पाहिलेलं नव्हतं. खैरनारांनी सहानुभूतीने दुसरीकडे पाहिलं. बापटने पडद्यावर काही नोंदवलं नाही, आणि ते त्याच्या दृष्टीने फार मोठं औदार्य होतं.

इंदुताई काही वेळ त्या काळ्या काचेकडे बघत बसल्या. यंत्र चुकतंय असं म्हणण्याची सोयही उरली नव्हती. जीभ त्यांची स्वतःची होती आणि तिलाही वाइन तुरट, कोरडी, चरचरीत लागली होती. घरी कधी अशी लागली नव्हती.

तेवढ्यात सुदामने मटण आणलं. लाल वाइनमध्ये चार तास मंद शिजवलेलं, हाडावरून सुटलेलं, वर लोण्याची चकाकी. एका हाताने ताट ठेवताना दुसऱ्या हाताने त्याने सवयीने ग्लास आणि शेंगदाण्यांची वाटी उचलली.

“ग्लास कुठं चालवला?” इंदुताईंनी विचारलं.

“जेवण आलं ना, ताई.”

“मग?”

सुदामला प्रश्नच कळला नाही. जेवण आलं की ग्लास उचलायचे. तीस वर्षं तो हेच करत होता. नाशिकचा माणूस आधी बसतो आणि मग जेवतो. बसताना शेंगदाणे, चिवडा, लिंबू पिळलेला कांदा, जेवताना पाणी. दोन्ही एकत्र करणं म्हणजे आंघोळ करता करता कपडे घालण्यासारखं.

“ठेव तो ग्लास,” इंदुताई म्हणाल्या. त्यांनी मटणाचा एक घास घेतला, सावकाश चावला, आणि मग घोट घेतला.

तबकडी आधी मधासारखी पिवळसर झाली, मग तिच्यात असा सोनेरी उजेड भरला की पांढऱ्या ताटाची कड उजळली.

“आम्ही घरी भाकरी-मटणाबरोबरच घेतो,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “पिंपातली चव बघायची असली तरी हातात घास असतो. नुसती कधी प्यालेच नव्हते मी.”

बापट म्हणाला की एक दिवा म्हणजे अपवाद. इंदुताईंनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. मग त्यांनी विचारलं, की यंत्र दिवा लागल्याची वेळ लिहून ठेवतं का. बापटला तो प्रश्न जरा अपमानास्पद वाटला. यंत्र सेकंदासकट सगळं लिहून ठेवत होतं. आणि ताट टेबलावर कधी ठेवलं, ते हर्षदाच्या स्वयंपाकघराच्या नोंदीत होतं.

“मग दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून बघा, भाऊ. ताट आल्यावरही ग्लास टेबलावर राहिला, असं किती वेळा झालं?”

बापटने बघितलं. मग खुर्ची ओढून घेऊन पुन्हा बघितलं. आठशे बारापैकी सहासष्ट वेळा. सुदाम विसरला म्हणून, गिऱ्हाईक गप्पांत रंगलं होतं म्हणून, एकदा तर वीज गेली होती म्हणून. त्या सहासष्टांतले अठ्ठावन्न दिवे लागले होते.

“आणि उरलेले तीन?” हर्षदाने विचारलं. ती केव्हाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

तारखा वाचल्यावर सुदामला ते तिघेही आठवले. दोघांचं त्याच टेबलावर त्याच दिवशी लग्न ठरलं होतं. त्यांचे दिवे पाण्यानेही लागले असते. तिसऱ्याच्या मोबाइलवर त्या क्षणी भारत जिंकला होता.

 बापट पहिल्यांदाच पडद्याऐवजी माणसांकडे बघून बोलला. काळ्या द्राक्षांच्या सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जीभ कोरडी पडते. तिखट-मिठाने ती आणखी चरचरते. पण तोंडात आधीच मांस किंवा लोणी असलं तर टॅनिन त्यालाच जाऊन चिकटतं आणि वाइनचा गंध तेवढा मोकळा राहतो. कोऱ्या चहात दूध घातलं की होतं तसंच. हे सगळं त्याला कॉलेजपासून पाठ होतं. “तिकडे फ्रान्समध्ये ग्लास पहिल्यापासून शेवटपर्यंत ताटाशेजारीच असतो. आम्ही ते गृहीत धरलं. इथे तो ताट यायच्या आधीच निघून जातो, हे यंत्राला कोणी सांगितलंच नाही.”

“मला तरी कुठे सुचलं?” हर्षदा म्हणाली. “दोन वर्षं लिआँला राहिले, रोज तसंच जेवले. इथे आले आणि पहिल्या महिन्यात लोकांनी ऑलिव्ह परत पाठवले, तर मुकाट्याने शेंगदाणे भाजायला लागले.”

बापटने मंडळीच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, जुने हिशेब उलटेसुलटे लावून काहीही दाखवता येतं. ठराव बदलायचा तर नवे दिवे दाखवा, आणि करवत सोमवारी आठला येणार म्हणजे येणार. हातात फक्त रविवार दुपार होती.

रविवारी साडेबाराला सगळ्या खुर्च्या भरल्या आणि कोणाच्याही समोर ग्लास आला नाही.

नाशिककराला जेवणाआधी कोरडं बसवणं ही धाडसाची गोष्ट आहे. लोकांनी आधी सुदामकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग फळ्याकडे. फळ्यावर हर्षदाने लिहिलं होतं: आज आधी घास, मग घोट. एका टेबलाने विचारलं की दारूबंदी लागली का. दुसऱ्याने निदान शेंगदाणे तरी द्या अशी विनवणी केली. खैरनारसाहेब सुदामला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, “अरे, रिकाम्या हाताने मी बोलू काय?” आणि खरंच, त्या दिवशी अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत.

कांद्याचं सूप आलं आणि गेलं. मग मटण, आणि शाकाहारी मंडळींसाठी लोण्यात परतलेले मशरूम, वर वितळलेलं चीज. पहिला घास सगळ्यांच्या तोंडात गेल्यावरच सुदाम कातळची बाटली घेऊन निघाला. ग्लास भरून तो पुढच्या टेबलाकडे वळायचा, मागे बघायचा नाही. त्याने नंतर सांगितलं की मागे बघायची त्याला भीती वाटत होती.

इंदुताई काउंटरशी उभ्या होत्या. दोन्ही हात पदरात.

पहिला दिवा कोपऱ्यातल्या प्राध्यापिकेचा लागला. मग तिच्या समोरच्या मैत्रिणीचा. मग मधलं मोठं टेबल, एकामागून एक, आठच्या आठ. प्रत्येक जण आधी आपल्या आणि मग दुसऱ्याच्या तबकडीकडे बघत होता. भर दुपारी, उन्हाने भरलेल्या खोलीत तो उजेड दिसत होता. मधल्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पुन्हा एक घास घेतला, पुन्हा एक घोट घेतला, आणि ग्लास उचलायला हात पुढे करणाऱ्या सुनेला हातानेच थांबवलं.

खैरनारसाहेबांनी सवयीप्रमाणे रुमाल ओढला होता. चौकडीच्या कापडातून सोनेरी उजेड पाझरताना सगळ्यांना दिसला, फक्त त्यांना नाही. सुदामने वाकून त्यांच्या कानात काही सांगितलं. त्यांनी रुमाल बाजूला केला आणि चष्मा काढून त्या दिव्याकडे पाहत राहिले. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ‘वा’ म्हटलं नाही. नुसताच ग्लास पुढे केला, अजून हवी म्हणून.

चव्वेचाळीस ग्लासांमागे एकोणचाळीस दिवे. उरलेल्या पाचांपैकी तिघांनी हट्टाने मासे मागवले होते, ज्यांच्याबरोबर तुरट वाइन कडवट लागते, आणि दोघांना कातळ खरोखरच आवडली नव्हती. त्यांच्याबद्दल कोणाला राग आला नाही. बापटने आकडा अध्यक्षांना पाठवला. दहा मिनिटांनी फोन वाजला. करवत रद्द. आणि मंडळीच्या सभेत नेहमी मागच्या रांगेत बसणाऱ्या इंदुताईंना पुढच्या सभेत दहा मिनिटं बोलायला बोलावलं होतं. बातमी स्वयंपाकघरात पोचली तशी आत कोणीतरी पातेल्यावर डाव वाजवला, आणि बाहेरच्या टेबलांनी कारण न विचारता टाळ्या वाजवल्या.

चार वाजता खुर्च्या रिकाम्या झाल्यावर बापट उत्साहाने सांगू लागला. आता यंत्राला घासाचीही ओळख करून द्यायची. कोणत्या घासावर कोणता घोट, हे ते आधीच सांगेल. कोणाचा दिवा अंधारा राहायलाच नको.

इंदुताईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतून त्यांनी एक छोटी, लेबल नसलेली बाटली काढली. बागेच्या वरच्या अंगाला, जिथे कातळचीही वेल जगली नसती, तिथे त्यांनी तीन वर्षांपूर्वी एक रानटी जात लावली होती. हा तिच्या द्राक्षांचा पहिला, आंबवलेला रस. त्यांनी तो ग्लासात ओतला आणि बापटसमोर ठेवला.

बापटने घोट घेतला. त्याचा चेहरा एवढा वेडावाकडा झाला की सुदामला पाठ फिरवून हसावं लागलं. तबकडी मिट्ट काळी.

“कातळचाही पहिला रस असाच होता,” इंदुताई म्हणाल्या. “तेव्हा तुमचा दिवा असता, तर मी पुढच्या वर्षी पाणीच घातलं नसतं. आता सांगा भाऊ, जे आज कोणालाच आवडत नाही, ते कोणत्या घासाची वाट बघतंय हे तुमच्या यंत्राला विचारायचं कसं?”

बापटने पडद्याकडे पाहिलं. मग पडदा पालथा घालून टेबलावर ठेवला.

हर्षदाने त्याच्या हातातला ग्लास घेतला, वास घेतला, जिभेच्या टोकावर थेंबभर ठेवला. तबकडी काळीच राहिली. तिने डोळे बारीक करून थोडा वेळ विचार केला. मग अॅप्रन पुन्हा कमरेला बांधला आणि स्वयंपाकघराकडे निघता निघता वळून विचारलं, “मावशी, हिच्याबरोबर आधी काय करून बघू?”