धड्यातल्या बाई

खोटं वाटत असेल तर खुशाल पुढे जा, हात धरून कुणी बसवलेलं नाही. पण हे घडलंय. आमच्याच घरात घडलंय, स्वयंपाकघराला लागून जेवणाची खोली आहे ना, तिथे. आणि रात्रीबित्री नाही...

भर दुपारी. शनिवारी. उन्हाचा पट्टा टेबलावर पडलेला असताना.

भुतांना अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे अजून कुणी आलेलं नाही, एवढंच.

मी थोरली सून, वेगळी राहते. त्या घरात माणसं तीन. सासूबाई, त्यांचा फिरतीवर असलेला मुलगा आणि धाकटी सून. सून एका मोठ्या ग्रंथालयात मागच्या खोलीत कामाला. जुनी, हाताने लिहिलेली पानं कंप्युटरवर उतरवायची आणि शब्दाशब्दाला खूण लावायची. हे माणसाचं नाव. हे लेखकाने खोडलं. हे वर बारीक अक्षरात घातलं. हे पुसलंय, वाचता येत नाही.

मोठमोठे अभ्यासक मग त्या खुणांवर विसंबून शोध लावतात म्हणे.

हे काम सुनेला येत नव्हतं. येतं म्हणून सांगून चिकटली होती. मग रोज संध्याकाळी घरी आल्यावर लॅपटॉप उघडून इंटरनेटवरचे धडे बघायची.

धड्यात एक बाई होत्या. पिकलेले केस, अंगावर हिरवी शाल, मान ताठ. सासूबाई पोळपाटावरून मान वळवून म्हणायच्या, "काय बसलीये बघ, बांबू गिळल्यासारखी! शिकवते मात्र छान. मलासुद्धा कळतंय."

प्रत्येक धडा संपताना बाई एकच सांगायच्या.

"वाचता आलं नाही, तर आलं नाही म्हणा. जे दिसलं नाही, ते दिसलं म्हणू नका."

धड्यांच्या खाली एक ओळ होती. बाई आता आपल्यात नाहीत, धडे सर्वांसाठी खुले राहतील.

सुनेला पहिलंच मोठं काम मिळालं ते एका जुन्या डॉक्टरांच्या आठवणींचं. कुठल्याशा साथीच्या दिवसांतल्या. पानांवर पाणी सांडलेलं, जागोजागी डाग. प्रत्येक डागाला खूण लावत बसली असती तर लोक म्हणाले असते, हिला वाचताच येत नाही.

म्हणून तिने डाग भरले. अंदाजाने.

"पाववाल्याची पोर सकाळी..." आणि पुढे डाग. साथीचे दिवस होते. तिने लिहिलं, "गेली."

झालं. एका शब्दात पोर मारली.

काम वेळेआधी संपलं. वाहवा झाली. साहेब म्हणाले, सोमवारी या, कायम नोकरीच्या कागदावर सही करा. सासूबाईंनी शेजारणीच्या नाकावर टिच्चून सांगून टाकलं, "आमची धाकटी कायम झाली हो!"

सही व्हायची होती अजून. पण सासूबाईंच्या जिभेला कधी धीर होता?

शुक्रवारी साहेब सहज बोलून गेले, "वरच्यांनी एवढ्या मोठ्या बाईंचं नाव बघितलं आणि डोळे झाकून मान्य केलं."

सुनेने जागेवर येऊन फाइल उघडली.

अशा प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहावं लागतं, हे काम कुणी केलं. पहिल्या धड्यात बाईंनी नमुन्याची फाइल दिली होती, नवख्यांनी तीच घ्यायची आणि आपलं नाव घालायचं. सुनेने फाइल घेतली. नाव बदलायचं राहिलं.

तिचे सगळे अंदाज, सगळं खोटं, त्या मेलेल्या बाईंच्या नावावर गेलं होतं.

घरी येऊन ती रडली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गप्प बस. सोमवारी सही होऊ दे, मग बघू. मी शेजारी तोंड कसं दाखवू? आणि मेलेलं माणूस काय तक्रार करायला येतंय?"

दुसऱ्याच दिवशी दुपारी सुनेने पहिला धडा उघडला. नाव कसं बदलतात ते बघायला.

बाई दिसल्या. पण बोलल्या नाहीत...

नुसता टाइप करण्याचा आवाज. टक... टक... टक.

आवाज बिघडला असेल म्हणून तिने लॅपटॉप मिटला.

टक... टक...

स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "अगं, घटकाभर पडू दे की! काय टकटक लावलीयेस?"

सुनेचे दोन्ही हात मांडीवर होते.

तिने पुन्हा उघडला. दुसरा धडा लावला. बाईंची मान खाली झुकलेली. तिसरा लावला. आणखी खाली. चौथ्यात तर हनुवटी छातीला टेकलेली, फक्त पांढरा भांग दिसत होता.

"आई... अहो आई, इकडे या. या बाई आधीपासून अशाच बसायच्या का?"

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. बघितलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं.

सुनेने ग्रंथालयातल्या मैत्रिणीला फोन लावला आणि तोच धडा उघडायला सांगितला. ती हसली. "बोलतायत की बाई. ताठ बसल्यात. तुला काय झालंय?"

म्हणजे बाकी सगळीकडे ताठ. मान खाली गेली होती ती फक्त आमच्या घरात.

शेवटचा धडा लावला...

खुर्ची रिकामी. पाठीवर हिरवी शाल.

तेवढ्यात मागे लाकूड घासल्याचा आवाज आला. दोघी वळल्या. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची बाहेर आली होती आणि तोंड भिंतीकडे करून उभी होती. चारचौघांत ज्याला तोंड दाखवायची सोय उरली नाही, ते माणूस असंच बसतं.

सासूबाईंनी खुर्ची ओढून जागेवर लावली. "वारा असेल," म्हणाल्या.

खिडक्या बंद होत्या.

चहा घेऊन परत आल्या, तर खुर्ची पुन्हा भिंतीकडे.

ओरडणं नाही, रडणं नाही. कुणाचं काही वाईट केलं नाही. बाई नुसत्या शरमेने बसल्या होत्या. त्यापेक्षा कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं.

"आई, मी सोमवारी सांगून टाकते."

सासूबाईंनी चहाचे कप उचलले. नको म्हणाल्या नाहीत, एवढंच.

सोमवारी सून साहेबांसमोर उभी राहिली आणि सगळं बोलली. कान तापलेले, नजर फरशीवर. साहेबांनी फाइल उघडली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "पण इथे तर तुमचंच नाव आहे."

तिने वाकून बघितलं. खरंच तिचं नाव. आणि भरलेल्या प्रत्येक डागाला खूण लागलेली... हा अंदाज आहे. अंदाज हिचा आहे. ओळीमागून ओळ, पानामागून पान.

"हे तुम्हीच केलंत ना?"

"नाही, साहेब."

फक्त एका जागी तिचं नाव नव्हतं. कुणाचंच नव्हतं, अंदाजाची खूणही नव्हती. पाववाल्याच्या पोरीपाशी. तिथला शब्द बदललेला होता.

"पाववाल्याची पोर सकाळी हसली."

साहेबांनी मूळ पानाचा फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. तपकिरी डाग, बाकी काही नाही. तो शब्द जिवंत माणसाला वाचणं शक्यच नव्हतं.

कायमची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. सून हंगामीच राहिली. आता डाग दिसला की खूण लावते, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. धड्यांतल्या बाईही पुन्हा ताठ बसल्या, बोलू लागल्या. खुर्ची जागेवर राहिली.

इथे संपलं असतं तर बरं होतं.

परवा दुपारी सून कामावर होती. शेजारीण दारात येऊन विचारत होती, "काय हो, सुनेचा पगार वाढला असेल ना आता, कायम झाली म्हणजे?"

सासूबाई हसल्या. "वाढला तर! चांगला वाढला."

दार लावून त्या आत वळल्या.

जेवणाच्या खोलीत लाकूड घासल्याचा आवाज आला...

लॅपटॉप सुनेबरोबर ग्रंथालयात होता. तरीही...

टक... टक... टक.

सासूबाई तशाच दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. दिवेलागणीला सून येईपर्यंत. आत जाऊन ती खुर्ची कुठे तोंड करून आहे, ते बघायची त्यांची छाती झाली नाही.