धक्क्यावरचं 'हॅन'

गुन्वोरच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. त्या पत्रानेच माझी कादंबरी बंद पाडली होती.

आम्ही कधी भेटलो नव्हतो. मी प्रकरण लिहून पाठवायचो, ती त्याचं स्वीडिश करायची. तिने विचारलं होतं एवढंच – कादंबरीत बोटीच्या धक्क्यावर वाट बघणारं माणूस पुरुष आहे की बाई? आमच्या फिनिशमध्ये दोघांनाही एकच शब्द, 'हॅन'. अख्खं पुस्तक मी त्या 'हॅन'वर रेटलं होतं. प्रश्न वाचला आणि पुढचं वाक्य सुचेना. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मी टाइपरायटरसमोर बसून मनातल्या मनात तिला शिव्या देत राहिलो.

ऑक्टोबरात तुर्कूला नदीपलीकडे जायला फेरीबोटीत चढलो. ओला बर्फ भुरभुरत होता. शेजारच्या बाईच्या मांडीवर माझीच पानं होती... लाल पेन्सिलीने रंगलेली.

"हे... वाचताय?" मी चाचरत विचारलं.

"भांडतेय. या लेखकाला लोकांना ताटकळत ठेवायची हौस आहे. गोष्टीतल्या माणसाला, आणि मलाही."

"सुचत नसेल त्याला."

"त्यात सुचायचंय काय? तो किंवा ती."

माझे कान तापले. "ते तुमच्या स्वीडिशमध्ये, बाई. तुमच्या त्या प्रश्नाने माझं वर्ष खाल्लं."

तिने मला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं.

"म्हणजे 'इल्मो राइताला' हे लेखक तुम्हीच. फोटोत उंच वाटता."

"फोटोत मी बसलोय."

"तरीच." हसू आलं होतं, ते तिने गिळलं. "सोमवारी मी प्रकाशकांना कळवतेय. हे पुस्तक मला जमणार नाही."

"कळवा. नाहीतरी कोण वाचतं माझं?"

"मी वाचते," ती ताडकन उठली. "ते माणूस कॉफी बशीत ओतून पितं. रागावलं की चष्मा पुसत बसतं. एवढं जवळून पाहिलंत, आणि कोण ते माहीत नाही म्हणता? न सुचणं नाही हे, घाबरणं आहे."

बोट लागली. ती उतरली आणि वळली. "येताय ना? कॉफी पाजते. भांडण अर्धं राहिलंय."

मला जायचं होतं... पण पाय हलले नाहीत. बोटीच्या दाराची साखळी लागली, आणि बोट मला घेऊन उलटी निघाली.

ती गेली नाही. पानं छातीशी धरून, बर्फात भिजत, डोळे वटारून ती धक्क्यावर उभी होती. मधलं पाणी वाढत गेलं तरी उभीच. माझी कादंबरी समोर उभी होती, आणि तिच्यावरून नजर हटत नव्हती.

पुढच्या खेपेला पलीकडे पोचलो, तेव्हा धक्का रिकामा होता.

तसाच घरी गेलो, टोपीही न काढता शेवटचं प्रकरण लिहून काढलं. वर चिठ्ठी जोडली:

'ती. आणि ती फार चिडलेली आहे. मीही तुमच्यावर अजून चिडलेलोच आहे. तुमच्याखेरीज दुसरं काही सुचत नाही, हा कसला छळ? रविवारी दुपारी तुमच्या बाजूच्या धक्क्यावर येतो. या वेळी उतरेन.'

'उतरेन' खोडावंसं वाटलं. खोडण्याआधीच पाकीट टपालाच्या पिवळ्या पेटीत टाकलं.