मुठीवरचं कुंकू

"बंदुका विकजो, देवका. अन् मनिरामच्या टोल्यावर विहीर बांधजो. विसरजो नोको."

केशोराव पाटलांचा हा शेवटचा आवाज. आषाढात ते गेले. आता कार्तिक लागला होता, तरी देवकाबाईंच्या कानात नवऱ्याचा तेवढाच आवाज होता. बाकी काही आत पोचत नव्हतं. तुळशीला पाणी, दिवा, नामजप सगळं हातांच्या सवयीनं होई. रडू एकदाही आलं नव्हतं.

विहिरीचा शब्द जुना होता. पाटलांच्या शिकारखान्यावरच्या मनिरामची बायको रुख्मा नाल्यावर पाण्याला गेली आणि वाघानं नेली. पाटलांनी तो वाघ मारला, मनिरामच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, विहीर देईन म्हणाले, आणि ते राहून गेलं. म्हणून आज देवरीजवळच्या या मालगुजारी घराच्या ओसरीत लिलाव मांडला होता.

दोन विंचेस्टर रायफली होत्या, पण लोक आले होते ते कोल्टसाठी. दरेकशाचा रेल्वेचा बोगदा खणवणाऱ्या एका अमेरिकन इंजिनियरनं ते रिव्हॉल्व्हर पाटलांच्या वडिलांना दिलेलं. अक्रोडाची मूठ, नळीवर कोरलेली अक्षरं. लांबलांबून शौकीन मंडळी सकाळीच येऊन बसली होती.

खेमराजही गोंदियाहून मोटारीनं आला. तो पाटलांचा पुतण्या, गोंदियात लोखंडी सामानाचं दुकान. पाया पडत म्हणाला, "काकी, दसऱ्याले सोनं द्याले येणं जमलं नाही. गुस्सा नका करू."

देवकाबाईंनी पाय मागे घेतले.

नागपूरचे लिलाववाले सोराबजी यांनी पेटीतून कोल्ट उचललं. हातात तोललं. कपाळाला आठी पडली. अंगठ्यानं मूठ घासून त्यांनी नळी उजेडात धरली.

"बाई, हे कोल्ट नाय. कोणी लोहारानं ओतलेली नक्कल हाय. अक्षरं बघा, सगळी बोथट."

सोराबजींच्या अंगठ्याला लाल लागलं होतं. देवकाबाई त्या लालीकडेच पाहत होत्या. चार महिन्यांत तो रंग त्यांच्या बोटांना लागला नव्हता.

बंदोबस्ताला आलेले शालीकराम जमादार उठले. "पेटीची चाबी कोणापाशी?"

"माझ्यापाशी जी," मनिराम म्हणाला.

"मंग बाकी काय राहिलं? चाल ठाण्यावर."

"मी कायले चोरीन जी? माझ्याच टोल्याची विहीर होऊन राहिली."

"थेच त! विहिरीनं तुझ्या एकट्याचं पोट भरत नाही ना."

खेमराज हसला. "जमादारसाहेब, काकाने इसको सर पे चढा रखा था."

मनिरामनं मान खाली घातली. जमादारांनी त्याचा दंड धरला तेव्हा देवकाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "थांबा, जमादार. मले दोन गोष्टी विचारू द्या."

त्या कधी बैठकीत बोलत नसत. जमादारांचा हात सुटला.

"मनिराम, पेटी शेवटची कधी काढली?"

"दसऱ्याले, बाई. पुसाले काढत होतो. तुमी वापस ठेव म्हणालात, तशीच ठेवली. मंग मागच्या आठवड्यात खेमराजभाऊले दाखवाले."

"तू जवळच होतास?"

"भाऊनं चहा सांगाले आत पाठवलं होतं जी."

"उदारामजी, दसऱ्याले तुमी होता?"

म्हातारे दिवाणजी पुढे सरकले. "होतो ना, बाई. हत्यारांचा पाट मांडू का म्हणून मीच विचारलं. तुमी नाही म्हणालात."

"आन् खेमराज, तू?"

"मैं तो नागपूरले होतो, काकी. सांगितलं ना. म्या पेटी पाहिली, बंद केली, चाबी याच्या हाती देल्ली. काऊन, माझ्यावर शक करून राहिल्या का?"

"मूठ पाहिली होती?"

"पाहिली ना. हरसाल सारखं लाल कुंकू होतं, हळद होती. खरी वस्तू होती तवा. नंतर यानंच बदलली."

देवकाबाईंनी सोराबजींच्या हातून ती नक्कल घेतली. पदरानं मूठ पुसली. पदर लाल झाला.

"जमादार, आमच्या घरी दसऱ्याले हत्यार पुजतात. मूठ धुऊनपुसून नवं कुंकू लावतात. पण ज्या घरात माणूस गेला, त्या घरी वर्षभर सण नसतो. औंदा आम्ही हत्यार पुजलंच नाही. पेटी उघडली, ती तशीच बंद केली."

"मंग हे?"

"सालभरापूर्वीचं कुंकू काळं पडून लाकडात मुरते. बोटाले लागत नाही. हे ताजं आहे. ज्यानं नक्कल करवली, त्याले वाटलं, या घरचं कोल्ट कुंकवाशिवाय कोणाले खरं वाटणार नाही. मनिरामले ठाऊक होतं औंदा पूजा नाही. उदारामजीलेही ठाऊक होतं. त्या दोघांनी कुंकू लावलंच नसतं."

ओसरीतल्या सगळ्या माना खेमराजकडे वळल्या.

"चहाच्या निमित्तानं मनिरामले आत पाठवलं, तवाच अदलाबदल झाली. आन् आताच म्हणाला, लाल कुंकू तवा मुठीवर होतं. खऱ्या कोल्टवर औंदा लाल कुंकू असूच शकत नाही. म्हणजे यानं पाहिलं ते नकलीवरचं, स्वतःच्या हातानं लावलेलं."

"काकी, कुछ भी..."

"तू सकाळी सोन्याची माफी मागितली, खेमराज. या घरी औंदा सोनं कोण देते?" त्यांचा आवाज चढला नाही. "तुझा काका मेला, हे तुझ्या ध्यानातच नव्हतं."

लिलावाला आलेला एक शौकीन हळूच उठून जायला लागला होता. जमादारांनी त्याला खाली बसवलं. खेमराजच्या मोटारीच्या मागच्या बैठकीखाली, पोत्यात गुंडाळलेलं कोल्ट सापडलं. ते आजच आपल्या हाती यायचं होतं, असं त्या शौकिनानं कबूल केलं. मुठीवर जुना काळा डाग होता. सोराबजींनी अंगठा घासून पाहिला. अंगठा कोरडाच राहिला.

खेमराजला नेताना मनिराम बाजूला सरला. ज्यांनी त्याचा दंड धरला होता, त्या जमादारांनी जाताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

लिलाव दुपारपर्यंत उरकला. कोल्ट कोणी नेलं ते देवकाबाईंनी विचारलंही नाही. कुंकवाचा पदर तसाच ठेवून त्या देवघरात गेल्या, दिव्यात तेल घातलं, आणि विहिरीच्या मुहूर्ताचा नारळ घेऊन बाहेर आल्या.

"खासराले बैल जुपू का, बाई?" मनिरामनं विचारलं.

"नोको. रुख्मा ज्या वाटेनं पाण्याले जात होती, थे दाखव."

"थे लांबची आहे जी. काटेही आहेत."

"असू दे."

मनिराम पुढे झाला. धानाच्या बांधावरून देवकाबाई त्याच्या मागं चालू लागल्या.